देहातील विद्युत्

विजेची ओळख मनुष्याला प्रथम झाली ती आकाशात. वळवाच्या पावसापूर्वी मेघ दाटून यावेत, डोळे दिपवणारी रेषा क्षणभर चमकावी आणि मागोमाग कडकडाट व्हावा, हे दृश्य त्याने भीतीने व आश्चर्याने पाहिले असेल. दुसरी ओळख झाली ती पाण्यात. भूमध्य समुद्रात टॉर्पेडो नावाचा एक चपटा मासा आढळतो. त्याला स्पर्श करताच हाताला झटका बसतो व हात बधिर होतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनिअस लार्गस या रोमन वैद्याने या माशाचा औषधासारखा उपयोग सांगून ठेवला आहे. डोके असह्य दुखत असेल, तर जिवंत मासा कपाळाला लावावा. पायाचे सांधे दुखत असतील, तर समुद्राच्या ओल्या वाळूत उभे राहून तो पायाखाली धरावा, असे तो म्हणतो.

विजेप्रमाणे चुंबकाचाही उपयोग प्राचीन वैद्यांना माहीत होता. आपल्याकडील सुश्रुतसंहितेत शरीरात रुतलेले शल्य बाहेर काढण्याचे पंधरा उपाय सांगितले आहेत. त्यांत अयस्कांताचा, म्हणजे लोहचुंबकाचा समावेश आहे. बाणाचे लोखंडी टोक जखमेतून ओढून काढण्यास त्याचे साहाय्य होई.

परंतु मासा झटका कशाने देतो आणि चुंबक लोखंडालाच का ओढतो, हे त्या काळी कोणालाही ठाऊक नव्हते. उपयोग आधी कळला. कारण कळण्यास पुष्कळ शतके लोटली. मधल्या काळात खऱ्या उपायांबरोबर खोट्या उपायांचाही सुळसुळाट झाला. वीज आणि चुंबक मानवी देहावर नेमका कोणता परिणाम करतात, हे मनुष्याने कसे शोधून काढले आणि त्यातील खरे-खोटे कसे निवडले, याची कथा मोठी बोधप्रद आहे.

अठराव्या शतकात घर्षणाने वीज निर्माण करणारी यंत्रे युरोपात तयार झाली. ही वीज साठवून ठेवणारे काचेचे पात्रही १७४५-४६ च्या सुमारास सापडले. त्या पात्राला हात लावला की मनुष्य दचकून उडे. इटलीतील बोलोन्या नगरीत लुइजी गॅल्व्हानी हे शरीररचनाशास्त्राचे अध्यापक होते. मेलेल्या बेडकाच्या पायांवर ते प्रयोग करीत असत. एकदा त्यांच्या साहाय्यकाने धातूच्या सुरीचे टोक बेडकाच्या मज्जातंतूला लावले आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या विद्युत्-यंत्रातून ठिणगी उडाली. तोच निर्जीव पाय झटकन आखडला! दुसरा एखादा मनुष्य हा केवळ योगायोग समजून विसरून गेला असता. गॅल्व्हानींनी मात्र तो प्रयोग नाना प्रकारे पुन्हा पुन्हा करून पाहिला. पुढे त्यांना असेही आढळले, की बेडकाचे पाय पितळेच्या आकड्यांनी लोखंडी कठड्याला अडकवले, तर विद्युत्-यंत्र जवळ नसतानाही ते आखडतात. १७९१ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्राण्यांच्या देहातच वीज असते आणि तिच्यामुळेच स्नायू हालतात, असे त्यांचे मत होते.

हे मत पाव्हिया येथील पदार्थविज्ञानाचे अध्यापक अलेस्सान्द्रो व्होल्टा यांना पटले नाही. ते म्हणाले, “वीज बेडकात नाही. पितळ आणि लोखंड या दोन भिन्न धातूंच्या संयोगातून ती निर्माण होते. बेडकाचा ओला पाय ती वीज केवळ दाखवून देतो.” आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी त्यांनी दोन धातूंच्या चकत्या एकीवर एक रचल्या आणि त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले. त्या चळतीतून विजेचा अखंड प्रवाह वाहू लागला. १८०० साली जगाला हा पहिला विद्युत्-घट मिळाला. आजच्या विजेरीतील घट हा त्याचाच वंशज होय.

मग या वादात जिंकले कोण? कठड्यावरील बेडकाच्या बाबतीत व्होल्टांचे म्हणणे खरे होते. परंतु गॅल्व्हानींनी पुढे कोणताही धातू न वापरता, एका मज्जातंतूचा दुसऱ्या स्नायूशी स्पर्श घडवून पाय हालवून दाखवला. तेथे दोन धातूंचा प्रश्नच नव्हता. म्हणजे देहात वीज असते, हे त्यांचे मूळ म्हणणेही खरेच होते. दोघांच्या मतभेदातून एकीकडे विद्युत्-घट जन्माला आला आणि दुसरीकडे देहातील विजेचा अभ्यास सुरू झाला. प्रामाणिक वादाचे फळ असे असते.

देहातील ही वीज येते कोठून? आपल्या शरीरातील द्रवांत सोडियम, पोटॅशियम इत्यादी क्षारांचे विद्युद्भार असलेले सूक्ष्म कण असतात. पेशीच्या पातळ आवरणाच्या आत पोटॅशियमचे कण अधिक, तर बाहेर सोडियमचे अधिक, अशी विभागणी पेशी सतत टिकवून ठेवते. त्यामुळे मज्जापेशीच्या आतल्या व बाहेरच्या बाजूंत सुमारे ७० मिलिव्होल्ट विद्युत्-दाबाचा फरक निर्माण होतो. विजेरीतील लहान घटाचा दाब दीड व्होल्ट असतो. त्याच्या सुमारे विसाव्या भागाइतका हा दाब आहे. पायाला काटा रुतताच तेथील मज्जातंतूच्या आवरणातील सूक्ष्म दारे उघडतात आणि सोडियमचे कण आत शिरतात. त्यामुळे शेजारची दारे उघडतात. मग त्यांच्या पुढची. उभ्या ठेवलेल्या विटांच्या रांगेतील पहिली वीट ढकलली की शेवटच्या विटेपर्यंत सगळ्या कोसळत जातात, तसाच हा संदेश पुढे सरकत जातो. अतिशय वेगवान मज्जातंतूत त्याचा वेग सेकंदाला सुमारे १०० मीटर असतो. समुद्रातील स्क्विड या प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सले या इंग्रज शास्त्रज्ञांनी ही क्रिया गणिताच्या साहाय्याने उलगडून दाखवली. त्यांचे हे संशोधन १९५२ साली प्रसिद्ध झाले आणि १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

देहातील विजेचे सर्वांत महत्त्वाचे कार्यस्थान म्हणजे हृदय. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. विश्रांतीच्या वेळी दर मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा तो आपण होऊन विजेचा संदेश सोडतो. तो संदेश प्रथम वरच्या व नंतर खालच्या कप्प्यांत पसरतो, स्नायू क्रमाने आकुंचन पावतात आणि रक्त पुढे ढकलले जाते. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर एका दिवसात एक लाखाहून अधिक संदेश होतात. मनुष्य झोपेत असला तरी या कामात खंड पडत नाही.

हृदयातील ही वीज त्वचेपर्यंत पोहोचते तेव्हा ती अतिशय क्षीण, सुमारे एका मिलिव्होल्टाची असते. छाती न उघडता ती मोजता येईल काय? लंडनचे ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली हे करून दाखवले. त्यांचा जिमी नावाचा कुत्रा मिठाच्या पाण्याच्या पात्रांत पाय बुडवून शांतपणे उभा राही आणि त्याच्या हृदयाच्या स्पंदनांबरोबर मोजयंत्रातील पाऱ्याची बारीक रेषा खालीवर होई. परंतु पारा जड. त्याची हालचाल मंद. त्यामुळे आलेख अस्पष्ट येत असे.

ही उणीव हॉलंडमधील लायडन विद्यापीठाचे प्राध्यापक विलेम आइन्थोव्हेन यांनी दूर केली. विजेचा प्रवाह वाहणारी तार चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवली, तर ती बाजूला सरकते, या तत्त्वाचा त्यांनी उपयोग केला. मात्र हृदयाच्या क्षीण विजेने सरकावी एवढी हलकी तार मिळणार कोठून? त्यासाठी स्फटिक वितळवून तो बाणाला जोडीत आणि बाण सोडीत. बाण पुढे झेपावताच मागे डोळ्यांना जेमतेम दिसणारा तंतू ताणला जाई. त्या तंतूवर चांदीचा मुलामा देऊन तो प्रबळ विद्युच्चुंबकाच्या ध्रुवांमध्ये टांगला जाई. रोग्याचे दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवले, की त्याच्या हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी तंतू थरथरे आणि त्याची सावली छायाचित्रात उमटे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तयार झालेल्या या यंत्राचे वजन सुमारे २७० किलोग्रॅम होते आणि ते चालवण्यास पाच माणसे लागत. ते रुग्णालयात नेणे अशक्य. म्हणून १९०५ साली आइन्थोव्हेन यांनी सुमारे दीड किलोमीटर अंतरावरील रुग्णालयापासून आपल्या प्रयोगशाळेपर्यंत दूरध्वनीची तार जोडून घेतली! रोगी तेथे आणि त्याच्या हृदयाचा आलेख येथे, असे काम सुरू झाले. आलेखातील उंचवट्यांना त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी अशी नावे दिली. आजही जगभरचे डॉक्टर ई.सी.जी. वाचताना हीच नावे वापरतात. १९२४ साली आइन्थोव्हेन यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्यांचे अवजड यंत्र आता हातात मावेल एवढे लहान झाले आहे.

देहाचा सारा कारभार एवढ्या अल्प विजेवर चालतो. म्हणूनच बाहेरची वीज देहात शिरली तर अनर्थ ओढवतो. आपल्या घरांत २३० व्होल्टांची वीज येते आणि तिची दिशा सेकंदाला ५० आवर्तनांच्या गतीने पालटत असते. हा प्रवाह सुमारे १ मिलिअँपिअर असेल, तर केवळ मुंग्या आल्यासारखे वाटते. तो १० ते २० मिलिअँपिअर झाला, की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडावी म्हटले तरी सोडता येत नाही. सुमारे १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून क्षण-दोन क्षण गेला, तर तो जिवावर बेततो. जुन्या धर्तीच्या २५ वॅटच्या दिव्यातून साधारण एवढाच प्रवाह वाहतो. म्हणजे मंद दिवा लावणारी वीज हृदय बंद पाडण्यास पुरेशी आहे.

असे का होते? त्या प्रवाहाने हृदयातील संदेशांचा क्रम मोडतो. प्रत्येक स्नायुतंतू आपापल्या परीने आकुंचन पावू लागतो. हृदय नुसते थरथरते, पण रक्त पुढे ढकलले जात नाही. मेंदूला रक्त न मिळाल्याने काही सेकंदांत मनुष्य बेशुद्ध पडतो आणि तत्काळ उपाय न झाल्यास काही मिनिटांत मृत्यू येतो. कोरडी त्वचा प्रवाहाला बराच अडथळा करते. तीच ओली झाली की हा अडथळा अनेक पटींनी घटतो. म्हणून ओल्या हातांनी बटणाला स्पर्श करू नये. पावसाळ्यात विजेच्या खांबाला टेकू नये आणि तुटून पडलेल्या तारेच्या आसपासही फिरकू नये. ती दिसल्यास वीज कार्यालयास कळवावे. घरात एखाद्याला विजेचा झटका बसून तो तारेला चिकटला असेल, तर त्याला हाताने ओढू नये; ओढणाराही सापडतो. प्रथम मुख्य बटण बंद करावे, मोठ्या माणसांना हाक मारावी आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरात बसवलेले गळती-रोधक बटण ३० मिलिअँपिअर वीज भलतीकडे वाहू लागताच सेकंदाच्या अल्पांशात पुरवठा तोडते. हा आकडा कोणी मनाने ठरवलेला नाही. मानवी हृदय किती विजेपुढे तग धरू शकते, याच्या मोजमापावरून तो निश्चित झाला आहे.

जी वीज हृदयाची लय मोडते, तीच ती पुन्हा जुळवू शकेल काय? १८९९ साली जिनीव्हा येथील प्रेव्हो व बातेली या दोन शास्त्रज्ञांना कुत्र्यांवर प्रयोग करताना एक विलक्षण गोष्ट आढळली. विजेच्या लहान झटक्याने कुत्र्याचे हृदय थरथरू लागले. पण त्याहून मोठा झटका देताच ती थरथर थांबली! या शोधाकडे पुढे बरीच वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९४७ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे क्लॉड बेक हे शल्यचिकित्सक एका १४ वर्षांच्या मुलाच्या छातीवर शस्त्रक्रिया करीत होते. शस्त्रक्रिया संपत आली असता मुलाचे हृदय एकाएकी थरथरू लागले. बेक यांनी त्याची छाती पुन्हा उघडली, हृदय हाताने दाबून रक्ताभिसरण कसेबसे चालू ठेवले आणि विजेची दोन पाती हृदयाला लावून झटका दिला. थरथर थांबली, हृदय पुन्हा तालात धडधडू लागले आणि तो मुलगा पूर्ण बरा झाला. १९५६ साली बॉस्टनच्या पॉल झोल यांनी छाती न उघडता, बाहेरून असा झटका देऊन ही लय पूर्ववत करून दाखवली.

या झटक्याने बंद हृदय सुरू होते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तो हृदयातील गोंधळ थांबवतो. वर्गात सर्व मुले एकाच वेळी ओरडत असता शिक्षकांनी जोराने घंटा वाजवावी, सगळीकडे शांतता पसरावी आणि मग एका मुलाने प्रार्थना सुरू करून इतरांनी त्याला साथ द्यावी, तसे येथे घडते. झटक्याने सर्व तंतू एकदम शांत होतात आणि संदेश देणाऱ्या त्या लहान पुंजक्याला पुन्हा ताल धरण्याची संधी मिळते. झटका आवश्यक आहे की नाही, हे स्वतःच ओळखून बोलून सांगणारी लहान यंत्रे आता कित्येक विमानतळांवर व सार्वजनिक ठिकाणी ठेवलेली असतात.

काही रोग्यांच्या बाबतीत मात्र अडचण वेगळीच असते. हृदयातील संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. ठोके अतिशय मंदावतात. स्वीडनमधील आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या गृहस्थांची अशीच अवस्था झाली होती. दिवसातून अनेकदा त्यांची शुद्ध हरपत असे. वीज देणारी यंत्रे त्या वेळी होती. परंतु ती शरीराबाहेर ठेवावी लागत. लार्सन यांच्या पत्नीने शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांना शरीरात बसेल असे यंत्र बनवण्याची गळ घातली. यंत्र पूर्ण तयार नाही, असे दोघांनी सांगितले; पण त्या बाईंनी आपला आग्रह सोडला नाही. अखेर एल्मक्विस्ट यांनी बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात विजेचे भाग ठेवले आणि वर राळेसारखा कृत्रिम पदार्थ ओतून ते बंदिस्त केले. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळील कॅरोलिन्स्का रुग्णालयात ते लार्सन यांच्या शरीरात बसवण्यात आले. काही तासांतच ते बंद पडले. लगेच दुसरे बसवले. तेही फार काळ टिकले नाही. तथापि प्रत्येक अपयशातून यंत्र सुधारत गेले. पुढील आयुष्यात लार्सन यांना वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली. २००१ साली वयाच्या ८६ व्या वर्षी ते निवर्तले, तेव्हा त्यांना जीवदान देणारे सेनिंग व एल्मक्विस्ट हे दोघेही आधीच कालवश झाले होते. आजचा पेसमेकर काही ग्रॅम वजनाचा असतो, वर्षानुवर्षे टिकतो आणि हृदयाचा स्वतःचा ठोका चुकला तरच विजेचा संदेश देतो.

येथवर विजेचा विचार झाला. चुंबकाच्या उपचाराची कथा मात्र एका मोठ्या भ्रमापासून सुरू होते. व्हिएन्नाहून १७७८ साली पॅरिसमध्ये आलेले फ्रांत्स मेस्मेर हे वैद्य सांगत, की प्राण्यांच्या देहातून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि तो अडला की रोग होतात. हाताच्या हालचालींनी किंवा ‘चुंबकित’ केलेल्या वस्तूंच्या स्पर्शाने ते रोग बरे करण्याचा दावा करीत. त्यांच्याकडे लोकांची रीघ लागली. कोणी थरथरे, कोणी बेशुद्ध पडे; कोणी बरे झाल्याचे सांगे. अखेर १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशीसाठी एक समिती नेमली. तिच्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझ्ये होते, तसेच विजेचे थोर अभ्यासक बेंजामिन फ्रँक्लिनही होते.

फ्रँक्लिन यांच्या बागेत एक साधी पण अचूक परीक्षा घेण्यात आली. मेस्मेर यांच्या शिष्याने बागेतील जर्दाळूचे एक झाड ‘चुंबकित’ केले. नंतर त्यानेच निवडलेल्या १२ वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकामागून एक चार झाडांपाशी नेले. ती चारही झाडे साधी होती. पहिल्याच झाडाशी मुलाला घाम फुटला. पुढे त्याचे डोके जड होत गेले आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. खरे ‘चुंबकित’ झाड तर दूरच राहिले! मुलगा ढोंग करीत नव्हता. आपल्याला काहीतरी होणार, या दृढ अपेक्षेनेच त्याला तसे झाले. मनाचा देहावर किती परिणाम होतो, याचा येथे प्रत्यय आला. त्या अदृश्य द्रवाचा मात्र कोणताही पुरावा मिळाला नाही. नव्या औषधाची परीक्षा घेताना खरे औषध कोणाला व निरुपद्रवी गोळी कोणाला दिली, हे आजही शक्यतो रोग्याला किंवा डॉक्टरांना कळू देत नाहीत. त्या बांधलेल्या डोळ्यांमागचे तत्त्व आणि हे तत्त्व एकच आहे.

तरीही चुंबकाची कडी व पट्टे रोग बरे करतात, असे सांगून ती विकली जातात. रक्तात लोह असते, म्हणून चुंबक रक्ताला खेचतो व रक्ताभिसरण वाढवतो, असे कारण दिले जाते. ते ऐकण्यास पटण्याजोगे वाटते. परंतु रक्तातील लोह खिळ्यातील लोखंडासारखे सुटे नसते. ते रक्तातील तांबड्या द्रव्याशी रासायनिक रीतीने बांधलेले असते. लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ साली दाखवून दिले, की प्राणवायूने युक्त असे ते द्रव्य चुंबकाकडे ओढले न जाता अतिशय किंचित दूर लोटले जाते. हातातील लहानशा कड्याने रक्त धावू लागेल, ही गोष्ट संभवनीय नाही.

चुंबकाचा खरा उपयोग निराळ्याच मार्गाने सापडला. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल, तर जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हा शोध मायकेल फॅराडे यांनी १८३१ साली लावला. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेचे वेटोळे डोक्याजवळ धरून त्यातून क्षणभर जोरदार प्रवाह सोडला. मेंदूत सूक्ष्म वीज निर्माण झाली आणि कोणीही स्पर्श न करता त्या व्यक्तीचा हात हालला! तीव्र औदासीन्याने ग्रासलेल्या काही रोग्यांवर आता या पद्धतीने उपचार केले जातात.

चुंबकाची सर्वांत मोठी देणगी मात्र एम.आर.आय. ही होय. आपल्या शरीरात पाणी विपुल असते आणि पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. त्यांची केंद्रके जणू चिमुकले चुंबकच असतात. रोग्याला प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेडिओ-लहरी सोडल्या, की ही केंद्रके त्या लहरींना प्रतिसाद देतात. तो प्रतिसाद टिपून संगणक शरीराच्या आतील भागांचे चित्र रेखाटतो. १९७३ साली पॉल लाउटरबर यांनी अशा रीतीने चित्र मिळवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. पीटर मॅन्सफील्ड यांनी तिचा विकास केला. दोघांना २००३ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. शस्त्र न चालवता आणि क्ष-किरण न वापरता मेंदूतील गाठ किंवा गुडघ्यातील फाटलेली शीर या यंत्राने दिसते. एका सामान्य एम.आर.आय. यंत्राचे चुंबकीय क्षेत्र दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट प्रबळ असते. एवढ्या क्षेत्रातून रोगी सुखरूप बाहेर येतो, हाच देहातील रक्त चुंबकाकडे खेचले जात नसल्याचा उत्तम पुरावा होय.

लोखंडाची गोष्ट निराळी. २०१८ साली मुंबईतील एका रुग्णालयात एक तरुण प्राणवायूची धातूची टाकी घेऊन या यंत्राच्या खोलीत गेला. टाकीसह तो यंत्राकडे खेचला गेला आणि त्यातच त्याचा अंत झाला. या यंत्राचे चुंबकत्व चित्र काढण्याचे काम संपले तरी कायम असते. म्हणून खोलीत शिरण्यापूर्वी अंगावरील धातूच्या वस्तू काढून ठेवण्यास सांगतात आणि शरीरात पेसमेकर आहे काय, हे विचारतात. या सूचना कंटाळवाण्या वाटल्या तरी प्रत्येकाने काटेकोरपणे पाळल्या पाहिजेत.

रोमन वैद्याच्या माशापासून आजच्या एम.आर.आय.पर्यंतचा हा प्रवास सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. वीज आणि चुंबक स्वभावतः मित्रही नाहीत आणि शत्रूही नाहीत. प्रवाह किती, तो देहाच्या कोणत्या भागातून गेला आणि किती वेळ गेला, यांवर त्याचे फळ अवलंबून असते. १०० मिलिअँपिअरने थरथरू लागलेले हृदय योग्य मात्रेच्या झटक्याने पुन्हा तालावर येऊ शकते. म्हणून कोणी एखाद्या नव्या उपचाराची थोरवी सांगू लागला, तर प्रथम दोन प्रश्न विचारावेत : याचे मोजमाप कोणी केले आहे काय? आणि डोळे बांधून याची परीक्षा झाली आहे काय?

शब्दार्थ

शल्य – शरीरात रुतून बसलेली वस्तू. अयस्कांत – लोहचुंबक. मज्जातंतू – देहातील संदेश वाहून नेणारे तंतू. चळत – एकावर एक रचलेली रास. विद्युच्चुंबक – विजेच्या प्रवाहामुळे चुंबकत्व प्राप्त झालेली वस्तू. कालवश होणे – मृत्यू पावणे. रीघ लागणे – एकामागून एक येत राहणे. औदासीन्य – मनाची खिन्न अवस्था.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) गॅल्व्हानी व व्होल्टा यांच्या मतांत कोणता फरक होता? प्रत्येकाचे म्हणणे कितपत खरे ठरले?
(आ) आइन्थोव्हेन यांनी रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत तार का जोडून घेतली?
(इ) थरथरणाऱ्या हृदयाला दिलेला विजेचा झटका नेमके कोणते कार्य करतो?

२. कारणे सांगा :
(अ) ओल्या हातांनी विजेच्या बटणाला स्पर्श करू नये.
(आ) फ्रँक्लिन यांच्या बागेतील मुलाचे डोळे बांधण्यात आले.
(इ) चुंबकाच्या कड्याने रक्ताभिसरण वाढत नाही.

३. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा :
सुळसुळाट होणे, गळ घालणे, तग धरणे, जिवावर बेतणे, प्रत्यय येणे.

४. ‘विद्युच्चुंबक’ व ‘विद्युद्भार’ या शब्दांचा संधी सोडवा. दोन्ही ठिकाणी ‘विद्युत्’मधील ‘त्’ का बदलला, ते सांगा.

५. उपक्रम : शांत बसून मनगटावरील नाडीचे एका मिनिटातील ठोके मोजा. नंतर मैदानाला एक फेरी धावून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा आणि वर्गातील इतर मुलांच्या आकड्यांशी त्यांची तुलना करा.